पाळण्याखालचं नाव

“पाळण्यात बाळ पडल्याशिवाय यंत्राला तुझा हात शिकवायला बसू नकोस, हेमांगी. आणि हात शिकवल्याशिवाय ते चालू करू नकोस.”

भोईटे मॅडमनी हे दोनदा बजावलं होतं. एकदा प्रयोगशाळेत पेटी हातात देताना आणि पुन्हा जिन्यापर्यंत सोडायला आल्यावर. हेमांगीला तेव्हा आठवा महिना होता. पायांना सूज होती आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. “हो मॅडम, हो,” म्हणत ती कठड्याला धरून उतरली. मनात म्हणाली, मॅडमना कुठं मूलबाळ आहे? घरात बाळ आल्यावर काय काय होतं ते त्यांना काय ठाऊक!

हे ती तोंडावर कधीच बोलली नसती. कृष्णाकाठच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती चार वर्षं मॅडमची विद्यार्थिनी होती, आणि मॅडमच्या विद्यार्थ्यांना मॅडमची थोडी भीतीच वाटायची. त्या कधी ओरडायच्या नाहीत, फक्त प्रश्न विचारायच्या. पहिल्या तासाला फळ्यावर तीन प्रश्न लिहायच्या आणि ते वर्षभर पुसू द्यायच्या नाहीत. हे यंत्र कुणाकडून शिकलं? यानं कुणाचं ओझं उतरवलं? आणि ज्याच्याकडून शिकलं, त्याचं पुढं काय झालं? पहिल्या दोन प्रश्नांना परीक्षेत मार्क असायचे. तिसऱ्याला नसायचे, म्हणून पोरं म्हणायची, “तिसरा ऑप्शनला टाका रे.”

ज्याच्यासाठी यंत्र करायचं त्याच्या घरी जेवल्याशिवाय ड्रॉइंगला हात लावायचा नाही, हा मॅडमचा दुसरा हट्ट. हेमांगीच्या गटानं तिसऱ्या वर्षी हात थरथरणाऱ्या माणसांसाठी चमचा केला होता. त्यासाठी मिरजेतल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या घरी ती आठवडाभर राहिली होती. त्यांच्या ताटातली आमटी दर घासाला सदऱ्यावर सांडायची, आणि त्यांच्या बायकोनं कपाटभर पांढरे सदरे बाजूला ठेवून त्यांच्यासाठी मुद्दाम हळदीच्या रंगाचे शिवून घेतले होते. तो चमचा पुढं चांगला चालला. हेमांगीला मात्र चमच्यापेक्षा ते सदरेच जास्त आठवायचे.

आणि आता ही पेटी. कागदोपत्री तिला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सांगली-मिरजेकडच्या बायका तिला सरळ ‘दोरीवाली’ म्हणायच्या. पाळण्याच्या स्टँडला खालच्या फळीवर ती बसवायची, तिच्यातून निघणारी दोरी पाळण्याला बांधायची, की ती झोके द्यायची.

आता झोके देणारी मोटर काही नवी नव्हती. बाजारात तशा ढीगभर होत्या. पण त्या एका तालात हलवायच्या, आणि बाळाला पाच मिनिटांत त्या तालाचा कंटाळा यायचा. मॅडमच्या लक्षात आलं होतं की बाई पाळणा हलवते तेव्हा ती नुसती दोरी ओढत नसते, ती बाळाशी बोलत असते. बाळाचा श्वास जड झाला की तिचा हात मंदावतो. बाळ चुळबुळलं की एक झोका चुकवून ती थांबते, कानोसा घेते, मग पुन्हा ओढते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं आणि विचारलं तर सांगताही येत नाही. मॅडमनी गादीखाली एक पातळ पट्टी घातली. बाळाचं हृदय प्रत्येक ठोक्याला अख्ख्या गादीला कळेल न कळेल असा धक्का देतं, श्वासागणिक वजन किंचित इकडून तिकडं सरकतं. ते सगळं पट्टीला कळायचं. दुसरा सेन्सर दोरीवर. एकीकडे बाळ काय म्हणतंय, दुसरीकडे बाईचा हात त्याला काय उत्तर देतोय, हे दोन्ही महिनोन् महिने नोंदवून यंत्र ते बोलणं शिकायचं.

यातही मॅडमचं निराळंच होतं. शंभर बायकांचे हात मिसळून त्यांची सरासरी काढा, असं सगळे म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, “शंभर आयांची सरासरी म्हणजे कुणाचीच आई नाही.” म्हणून प्रत्येक पेटीत एकाच बाईचा हात असायचा, आणि पेटीच्या तळाला पितळी पट्टीवर त्या बाईचं नाव. भांड्यांवर नाव घालणाऱ्याला बसवून त्याच्या टकटक मशीननं घातलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. त्या बाईनं कधीही “माझा हात परत द्या” म्हटलं, तर त्या हाताच्या सगळ्या पेट्या बंद व्हायच्या. तिची तशी लेखी अट असायची.

आणि हा परका हात फक्त आधाराला. आधी यंत्रानं चार-पाच दिवसांत घरच्या आईचा हात शिकायचा आणि तोच पुढं चालवायचा. जिथं आई दमेल, तिथं परका.

हेमांगीच्या पेटीखाली नाव होतं: सुलभा कोष्टी, विटा.

*

चार्वी जन्मली ती रडतच, आणि पुढंही रडतच राहिली. हेमांगीचा नवरा कौस्तुभ पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीला होता. तो शनिवार-रविवार यायचा. बाळंतपणाला आई आली होती. ती शेकशेगडी करायची, डिंकाचे लाडू करायची, आणि हेमांगी खाटेवर पडून रजेचा हिशेब करायची. सहा महिन्यांनी कामावर हजर व्हायचं. पाळणाघरवाल्या बाईनं आधीच विचारलं होतं, “दोरीवाली आहे ना? मग काळजी नाही.”

पेटीला आताच हात शिकवून दोन-तीन दिवस तरी वाचवू, असं तिला वाटलं. पण बाराव्या दिवशी बारसं, त्याआधी बाळाला पाळण्यात घालायचं नाही. आणि रिकामा पाळणा हलवायचा नाही, बाळाचं पोट दुखतं.

“मग वरवंटा घाल की,” आई म्हणाली. “बारशाला तरी आधी तोच घालतात. दुपट्यात गुंडाळून देते.”

झालं! इंजिनिअर मुलीनं आणि तिच्या आईनं मिळून पाळण्यात वरवंटा निजवला. हेमांगी खाटेवरूनच दोरी ओढायची, पेटी शिकायची. मधूनमधून आई येऊन वरवंट्याचं दुपटं सारखं करून जायची. बारशाच्या आदल्या संध्याकाळी पेटीवरचा दिवा हिरवा झाला. हेमांगीला मॅडमचे शब्द आठवले नाहीत असं नाही. पण तिला वाटलं, हात माझा तो माझाच. त्यात काय बदलणार आहे?

बदलणार होतं ते एवढंच की वरवंटा श्वास घेत नाही. पेटीनं जे पाहिलं त्यातून ती प्रामाणिकपणे हेच शिकली: पाळण्यात काय चाललंय त्याकडे ह्या बाईच्या हाताचं लक्ष नसतं. तिनं हेमांगीचा हात कडेला ठेवला आणि सुलभा कोष्टींचा पुढं केला.

बारशाच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुपारी बायका पांगल्यावर चार्वीनं जो टाहो फोडला तो दोरीवाली चालू करताच विरला. दोन झोके लांब, एक आखूड, मग विसावा, मग पुन्हा लांब. चार्वीच्या मुठी उघडल्या आणि ती झोपली.

“काय गुणाची आहे गं ही दोरीवाली!” आई म्हणाली.

हेमांगीच्या छातीत काहीतरी टोचलं. तिला वाटलं, दूध दाटलं असेल.

*

दूध नव्हतं ते. दीड महिन्यात तिला नीट कळलं की ते काय आहे.

ती मुद्दाम यंत्र बंद करून स्वतः दोरी घेऊन बसायची. चार्वी डोळे उघडून तिच्याकडे बघायची, ओठ काढायची आणि सुरू व्हायची. हेमांगी हळू ओढायची, जोरात ओढायची, गाणं म्हणायची. रडणं चढतच जायचं. मग स्वयंपाकघरातून आई ओरडायची, “अगं लाव ना ती दोरीवाली! पोरीचा घसा बसेल.” हेमांगी दात आवळून बटण दाबायची. तिसऱ्या झोक्याला सगळं शांत.

चार्वी पहिल्यांदा हसली तीही त्या झोक्यात. कौस्तुभनं नेमका व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

“सुलभाबाईंनाही पाठवू का?” तो म्हणाला. “मेहनत त्यांची.”

“हसू नकोस.”

“अगं, गंमत केली.”

“माझ्या मुलीचं पहिलं हसू कुठल्या तरी विट्याच्या बाईला बघून आलं, यात गंमत काय आहे?”

“तिला बघून कुठं? ती बाई इथं आहे का? मोटर आहे ती, हेमा.”

पण हेमांगीला ती बाई घरात असल्यासारखीच वाटत होती. प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर हात देणाऱ्या बायकांचे फोटो होते. सुलभा कोष्टी, अंगणवाडी मदतनीस. गोल चेहरा, मोठं कुंकू, दोन्ही हात भरून काचेच्या बांगड्या, आणि चुलीवरून आताच उतरवल्यासारखं फुललेलं हसू. हेमांगी तो फोटो दिवसातून दोनदा तरी बघायची. त्या बांगड्या तिच्या डोळ्यांत सलायच्या. पुढं पुढं तिला पाळण्याच्या कडीच्या किरकिरीतही बांगड्या ऐकू यायला लागल्या.

नव्यानं हात शिकवायचा तर चार-पाच दिवस पेटीचे झोके पूर्ण बंद ठेवून फक्त आईनं झुलवायचं होतं. दोनदा तिनं सुरुवात केली. दोन्ही वेळा दुपारपर्यंत चार्वी निळीजांभळी झाली आणि तिचा धीर सुटला. मॅडमना विचारावं तर वरवंट्याची कथा सांगावी लागली असती. तेवढा अहंकार गिळायला ती तयार नव्हती.

उरला एकच मार्ग. सुलभा कोष्टींच्या हातात खोट काढायची.

मॅडमच्या हट्टांपैकी हाही एक होता की यंत्र जे शिकलंय ते झाकून ठेवायचं नाही. ज्या घरात पेटी आहे, त्या घरातल्या कुणालाही तिच्यातल्या हाताची कच्ची नोंद बघता यायची. कुणी बघत नसे ही गोष्ट निराळी. चार्वी पाळण्यात असताना, म्हणजे त्याच बाईच्या हातात असताना, हेमांगी शेजारी लॅपटॉप घेऊन बसली आणि एकेका झोक्याचा आलेख उघडून बघू लागली. सवतीच्या स्वयंपाकात खडा शोधावा तशी.

पहिले काही दिवस खडा मिळाला नाही. उलट बघता बघता तिलाच राग येईल इतकं ते सुंदर होतं. विट्याच्या कुठल्याशा बाळाचा श्वास आणि बाईची दोरी एकमेकांच्या मागं-पुढं चालायची, जुन्या मैत्रिणींनी गप्पा माराव्यात तशी.

मग एका दुपारी तिला ते दिसलं. झोका देऊन झाल्यावर जिथं हात दोरी धरून नुसता थांबायचा, तिथं रेघ सपाट नव्हती. तिच्यावर बारीक दाते होते, करवतीसारखे.

“हं!” ती मोठ्यानं म्हणाली. “सापडलं.”

“काय सापडलं?” आईनं विचारलं.

“सुलभाबाईंचा हात काही एवढा सोन्याचा नाही.”

इतक्या दिवसांत ती प्रथमच पोटभर जेवली. मग मॅडमना फोन लावला.

*

“मॅडम, तुमच्या विट्याच्या हातात नॉइज आहे.” ‘तुमच्या’वर जोर नकळत पडला.

“असेल. पेटीत जाताना आपण तो गाळतो. फिल्टर आहे ना.” मॅडमचा आवाज शांत होता. “कुठं आहे?”

“विसाव्यात. हात थांबतो तिथं. झोका देताना नाही.”

“मोटरचा असेल.”

“नोंद घेताना मोटर कुठं होती? नुसती दोरी आणि त्या बाई.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“सेकंदाला किती, हेमांगी?”

“पाचच्या आसपास.”

“पहिल्या महिन्यापासून?”

हे तिनं पाहिलं नव्हतं. खोट मिळाल्याच्या आनंदात ती केव्हापासूनची आहे हे बघायचं राहूनच गेलं होतं. फोन कानाशी धरूनच तिनं सुरुवातीच्या नोंदी उघडल्या. रेघ सपाट. पुढचे महिने उघडले. कुठं कुठं दाते. शेवटचे उघडले. प्रत्येक विसाव्यात दाते, आणि झोकेही थोडे थोडे आखूड होत गेलेले. दोरी ओढायला सुरुवात जोरात, मग हात जणू थकत जायचा.

हेमांगीच्या डोळ्यांपुढं एकदम हळदीच्या रंगाचा सदरा आला.

मिरजेच्या मास्तरांचा हात चमचा तोंडाकडे नेताना थरथरायचा. मांडीवर नुसता ठेवला की त्याहून जास्त. काम करताना कमी, विसाव्यात जास्त, असा हा कंप. सेकंदाला चार ते सहा वेळा. हालचाल मंदावत जाते, आखूड होते. कंपवात बऱ्याचदा असाच येतो: एका हातातून, चोरपावलांनी, घरच्यांनाच काय, स्वतःलाही कळायच्या आधी. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे सगळं तिनंच लिहिलं होतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “हा नॉइज नाही.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “आम्ही तो गाळला. आलेख स्वच्छ दिसावा म्हणून गाळला. तीन पीएचडीची मुलं, मी, कुणीही विचारलं नाही की हे कुठून येतंय. नोंद संपून दोन वर्षं झाली. मी फळ्यावर काय लिहिते गं?”

“तिसरा प्रश्न,” हेमांगी म्हणाली.

“तू कशाला बघत होतीस इतकं बारकाईनं?”

आणि मग हेमांगीनं सगळं सांगितलं. वरवंटा, पहिलं हसू, बांगड्या. सांगताना तिचे कान तापले. मॅडम हसल्या नाहीत.

“तुझ्या जळण्यानं पाहिलं ते आमच्या कौतुकानं पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “आता जा तिच्याकडे.”

“मी? तुम्ही जा ना. किंवा फोन—”

“फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? मी सोमवारी तिच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेते आणि स्वतः बरोबर जाते. पण आधी कुणीतरी जाऊन बसलं पाहिजे, नुसतं. आपण डॉक्टर नाही, हेमांगी, अंदाज चुकूही शकतो. तू तिच्या घरी जेव. जेवल्याशिवाय बोलू नकोस.”

फोन ठेवल्यावर हेमांगी पाळण्यापाशी बसून राहिली. दोरी चालली होती. दोन लांब, एक आखूड, विसावा. हे कळल्यावर ती बाई बिथरली तर? “माझा हात परत द्या” म्हणाली तर? पेटी बंद पडेल. पाळणाघर, नोकरी, सगळंच अडेल. आणि हा विचार करतानाच मनाच्या तळातून आणखी एक विचार वर आला: म्हणू दे की तसं. जाऊ दे की तो हात घरातून. तिला स्वतःची किळस आली. ती उठली आणि कौस्तुभला फोन करून म्हणाली, “रविवारी विट्याला जायचंय. पाळण्याची झोळी आणि पेटी, दोन्ही घे.”

*

सुलभा कोष्टींचं घर अंगणवाडीच्या मागच्या गल्लीत होतं. त्या दारातच उभ्या होत्या. फोटोतल्यापेक्षा बारीक झालेल्या. बांगड्या फक्त डाव्या हातात. उजवा हात पदराखाली.

“म्हणजे माझा हात चोरून नेलेली ती तुम्हीच व्हय?” त्यांनी हसतच विचारलं, पण शब्दाला धार होती. “या. बघू तरी कुठली राणी झोपती माझ्या जिवावर.”

हेमांगीनं जपून आणलेलं हसू जागच्या जागी वाळलं. “चोरून कुठं, मावशी. तुम्हीच दिलात ना.”

“दिला की. मॅडम जेवल्या माझ्याकडं, दोनदा. कसं नाही म्हणणार? पण मला काय म्हाईत असं हुईल ते. आधी अख्ख्या गल्लीतनं बोलावणं यायचं. सुलभाताई, पोरगं ऱ्हाईना, या जरा. भर पंगतीतनं उठवून न्यायची मला. आता समद्यांच्या घरात दोरीवाली. माझंच नाव खाली, आणि मला कुणी च्याला सुदिक बोलवत नाही. त्या मेल्या पेटीचा असा राग येतो म्हणून सांगू!”

कौस्तुभला खोकला आला. हेमांगी त्या बाईकडे बघतच राहिली. इतके दिवस ती जिच्यावर जळत होती, ती त्याच पेटीवर जळत बसली होती.

जेवण झालं. बाजरीची भाकरी, पावट्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी. सुलभामावशी बडबडत होत्या, अंगणवाडीच्या बाईंच्या नकला करत होत्या, कौस्तुभला “जावईबापू, लाजू नका, आमची भाकरी पवनचक्कीगत मोठी असती,” म्हणून आग्रह करत होत्या. वाढलं मात्र त्यांच्या सुनेनं. नंतर चहा आला. मावशींनी कप उचलला तो डाव्या हातानं.

“उजव्याला काय झालं, मावशी?”

“खांदा धरलाय. वय झालं.” हात पदराखाली आणखी आत गेला.

तेवढ्यात चार्वी उठली आणि तिनं सूर लावला. कौस्तुभनं आढ्याच्या कडीला झोळी बांधली आणि तो पेटी काढायला लागला.

“ती कशाला?” सुलभामावशी उठल्याच. “मी मेले का? अस्सल माल समोर असताना नक्कल कशाला? सरका.”

त्यांनी झोळीची दोरी धरली. उजव्या हातानं. सवयच ती. सूनबाई दारात येऊन उभी राहिली, कौतुकानं. हेमांगीला वाटलं, आता चार्वी शांत होईल, या बाईच्या खऱ्या हाताला बिलगल्यासारखी, आणि आपण बघत बसू.

चार्वी शांत झाली नाही.

एक झोका लांब गेला. दुसरा आखूड, तिसरा त्याहून आखूड. विसाव्यात दोरीवर एक लहर उठली आणि थेट झोळीपर्यंत गेली. चार्वी दचकली आणि किंचाळली. मावशींनी पुन्हा ओढली. पुन्हा तेच. त्यांच्या कपाळावर घाम आला. “भूक लागली असंल,” त्या म्हणाल्या. मग, “झोळी नीट बांधली न्हाई जावयानं.” मग पदरानं कपाळ पुसून त्या बाजूला झाल्या.

“पेटी लावून बघा,” सूनबाई हळूच म्हणाली.

कुणी काही म्हणायच्या आत कौस्तुभनं पेटी झोळीखाली जमिनीवर ठेवली, पट्टी बाळाखाली सरकवली आणि दोरी बांधली. दोन लांब, एक आखूड, विसावा. तिसऱ्या झोक्याला घर शांत झालं.

सुलभामावशी चालत्या दोरीकडे बघत राहिल्या. तो त्यांचाच हात होता, दोन वर्षांपूर्वीचा, कंप गाळलेला.

“ही माझ्यापेक्षा बरी हलवती,” त्या म्हणाल्या. “माझाच हात, आणि मलाच जमंना. काय केलंय गं हिनं माझ्या हाताला?”

हेमांगीनं गाडीत काय काय वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तिला आठवलं नाही. ती उठून त्यांच्याजवळ गेली, पदराखालचा हात बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. आलेखावरचे ते दाते तिच्या तळव्यात जिवंत झाले. थंडीनं पाखरू शहारावं तसा तो हात हलत होता.

“हिनं काही केलं नाही, मावशी. हे आधीच सुरू झालं होतं. हिला दिसत होतं. आम्ही बघितलं नाही.”

मग तिनं सगळं सांगितलं. मिरजेच्या मास्तरांचं, चमच्याचं, आणि हेही की यावर औषधं आहेत, व्यायाम आहेत, लवकर सुरू केलं तर माणूस बरीच वर्षं चांगला राहतो. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील. सोमवारी मॅडम येतील.

मावशींनी ऐकून घेतलं. हात काढून घेतला नाही.

“तुला कसं दिसलं गं?” शेवटी त्यांनी विचारलं. “एवढ्या मोठ्या शिकलेल्या लोकांना दिसलं न्हाई ते?”

“मी तुमच्यात खोट काढायला बसले होते.”

सुलभामावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग एकदम हसल्या, फोटोतल्यासारख्या.

“बरी हाईस की भवाने! माझ्या थोरल्या जावेलाबी एवढं जमलं नसतं.”

*

डॉक्टरांचं म्हणणं तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. मावशी रोज सकाळी व्यायाम करतात आणि तो शिकवणाऱ्या मुलीच्याही नकला करतात. हात परत घ्यायचा का, असं मॅडमनी त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. कुठंतरी धड असू दे.” बाकी सगळ्या हातांच्या कच्च्या नोंदी मॅडमनी स्वतः पुन्हा बसून पाहिल्या, फिल्टर काढून. आणि तिसऱ्या प्रश्नाला आता परीक्षेत मार्क आहेत. सगळ्यात जास्त.

हेमांगीनं पेटीचे झोके बंद केले आणि चार्वी पाळण्यात असताना आपला हात शिकवला. पहिले दोन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी दोरी ओढून ती थांबली, आणि तिला प्रथमच ऐकू आलं की चार्वी रडता रडता श्वास घ्यायला थांबते, तिथं आपणही थांबायचं असतं. त्या दुपारी चार्वी तिच्या हातानं झोपली. तरी अजूनही ती कधीकधी बिथरली की कौस्तुभ मावशींचा हात लावतो आणि हेमांगीला ते टोचतं. गेलेलं नाही ते. फक्त आता टोचलं की ती विट्याला फोन लावते.

मॅडमनी नोंदी तपासल्या, पण नोंद थांबली तिथं दिसणंही थांबतं. त्यानंतर त्या हातांचं काय झालं, ते कुठल्याच यंत्राला माहीत नाही. म्हणून ही गोष्ट वाचणाऱ्याला हेमांगीचं एक सांगणं आहे. तुमच्या घरी दोरीवाली असेल, तर बाळ जागं असताना पेटी उलटी करा. तळाला ठिपक्यांनी घातलेलं एक नाव असेल, एक गाव असेल. तुमचं मूल त्या बाईच्या हातात झोपतं. एकदा जाऊन या. बाळाला दाखवायला म्हणून जा, जेवायला थांबा, तिची बडबड ऐका, टोमणे मारले तर खाऊन घ्या. आणि चहा आला की तेवढं बघा, कप ती कुठल्या हातानं उचलते.